आयई६ मध्ये पारदर्शक लोगोभोवती करडा चौकोन: आधी चित्र तपासा, मग कोडला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये विंडोज एक्सपीचा जुना पीसी आहे. काट्यावरचं वजन सिरियल पोर्टातून वाचणारा अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) फक्त इंटरनेट एक्सप्लोरर ६ म्हणजे आयई६ मध्येच चालतो आणि तो लिहून देणारा माणूस आता सापडत नाही. कारखान्याने यंदा नवीन लोगो केला. डिझायनरने सावलीसकट पारदर्शक पीएनजी दिली. ऑफिसात सगळीकडे लोगो झकास दिसतो, काट्यावर मात्र त्याच्याभोवती करडा चौकोन येतो. शोधाशोध करून एक तयार स्क्रिप्ट टाकली तर चौकोन गेला, पण नोंदीच्या फॉर्मवरची बटणं दाबली जाईनात आणि पान उघडताना मशीन अडकायला लागलं. शिवाय हिशेब विभागात आयई८ आहे, तिथे ‘नोंद झाली’ ही गोल कोपऱ्यांची पट्टी हळूहळू उमटताना तिच्या कडेला काळी किनार दिसते. आणि ऊसउत्पादकांच्या पानासाठी डिझायनरला वेबपी हा नवा चित्रप्रकार हवा आहे.

‘एक्सपी टाकून द्या’ हा सल्ला तुम्हाला एव्हाना दहा जणांनी दिला असेल. तो चुकीचा नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, तेव्हा ते मशीन निदान इंटरनेटला तरी जोडलेलं नसावं. पण गळीत हंगाम चालू असताना, बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना, काट्याचा पीसी कुणी बदलत नसतं. ते काम हंगाम संपल्यावरचं. तोवर लोगो नीट दिसायला हवा आणि बटणं चालायला हवीत, एवढ्यापुरतंच हे उत्तर आहे.

तुमची तक्रार एकच वाटते, पण दुखणी तीन वेगवेगळी आहेत. पहिलं आयई६ चं, दुसरं आयई६ वरच्या औषधाचं आणि तिसरं आयई८ चं स्वतःचं.

करडा चौकोन येतो कुठून

जीआयएफ हा प्रकार १९८७ चा. त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि पुढे १९८९ च्या आवृत्तीत त्यातला एक रंग ‘पारदर्शक’ म्हणून राखून ठेवायची सोय आली. म्हणजे पिक्सेल एक तर पूर्ण दिसणार, नाही तर अजिबात नाही. मधलं काही नाही. १९९४ च्या डिसेंबरात जीआयएफमधल्या संकोचन पद्धतीच्या पेटंटवरून युनिसिस कंपनीने शुल्क मागायला सुरुवात केल्यावर पर्यायाची शोधाशोध झाली आणि त्यातून पीएनजी जन्माला आला. १ ऑक्टोबर १९९६ ला डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. त्यात रंगाच्या तीन वाहिन्यांबरोबर चौथी अल्फा वाहिनी आहे, प्रत्येक पिक्सेल किती झिरपू द्यायचा हे सांगणारी. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव.

लोगोच्या गोलाकार कडेवरचा एक पिक्सेल घ्या. त्याचा अल्फा १२८ आहे, म्हणजे साधारण निम्मा. लोगोचा लाल अंश २०० आणि मागच्या हेडरचा, म्हणजे पानाच्या वरच्या पट्टीचा लाल अंश ४०. ब्राउझरने दोन्हींची निम्मी-निम्मी बेरीज करायची, पडद्यावर १२० दाखवायचा. हिरव्या-निळ्याचं तेच. हे गणित पानावर जे काही मागे असेल त्याच्याशी करायचं असतं. आयई६ ते पानाशी करतच नाही. तो चित्र उलगडतानाच स्वतःच्या ठरलेल्या एका फिक्या करड्या रंगाशी हिशेब मिटवून मोकळा होतो आणि पानाला आयता भरीव चौकोन देतो. तुमच्या सावलीचा सगळा भाग अल्फाचाच असल्यामुळे चौकोन जास्तच भसकन डोळ्यांत भरतो.

आयई६ २००१ मध्ये आला आणि अल्फा नीट दाखवणारा आयई७ ऑक्टोबर २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत जगभरच्या वेब डिझायनरांनी या एका उणिवेवर इतके तोडगे काढले की आज शोधलं की पहिल्यांदा ते तोडगेच हाती लागतात, कारण मागेच राहतं. म्हणूनच तुमच्या हाती थेट स्क्रिप्ट आली.

फाइल कोणत्या जातीची आहे ते आधी बघा

सगळ्या पीएनजी सारख्या नसतात, आणि आयई६ सगळ्यांशी सारखा वागत नाही. फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि सुरुवातीपासून २६ वी बाइट बघा. पहिल्या ८ बाइट सहीच्या, मग लांबी आणि नाव यांच्या ८, मग रुंदी-उंचीच्या ८, २५ वी रंगखोलीची आणि २६ वी रंगप्रकाराची. तिथे ०६ असेल तर ती ट्रू-कलर अधिक अल्फा, म्हणजे हमखास करडा चौकोन. ०४ म्हणजे करडी छटा अधिक अल्फा, तिचीही तीच गत. ०३ असेल तर ती पॅलेटची, म्हणजे २५६ रंगांची पीएनजी, जिला बोलताना सगळे पीएनजी-८ म्हणतात. हिच्याशी आयई६ चं बऱ्यापैकी जमतं. हेक्स एडिटरची कटकट नको असेल तर लिनक्सवर ‘फाइल’ ही कमांड तेच एका ओळीत सांगते: ‘आरजीबीए’ आलं की ०६ समजा, ‘कलरमॅप’ आलं की ०३.

पीएनजी दिसतच नसेल, नुसता तुटक्या चित्राचा फुलीवाला चौकोन येत असेल, तर तो आजार वेगळा. फाइलचा आकार बरोबर ४०९७ किंवा ४०९८ बाइट असेल तर आयई६ ती दाखवत नाही. विश्वास बसायला अवघड, पण आहे खरं. चित्रात एखादी टिप्पणी घालून आकार थोडा वाढवला की दिसायला लागते.

तुमची ०६ निघेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा: लोगोच्या मागे नेमकं काय आहे? काट्याच्या पानाचं हेडर एकाच गडद रंगाचं असेल, आणि असल्या पानांचं तसंच असतं, तर पारदर्शकतेची गरजच काय? डिझायनरची मूळ फाइल जिंप या चित्र-संपादकात उघडा, खाली हेडरच्याच रंगाचा थर घाला, सगळं सपाट करा आणि तीच पीएनजी काट्याच्या पानाला द्या. सावली टिकते, कडा गुळगुळीत राहतात, कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. माझं ठाम मत आहे की आयई६ वरच्या निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटायला हव्यात. पण लोकांना स्क्रिप्ट टाकल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

या उपायात एक खाच आहे, ती सांभाळा. सपाट केलेल्या चित्राचा रंग आणि सीएसएसमधला, म्हणजे पानाच्या स्टाइलशीटमधला रंग कागदावर एकच असूनही पडद्यावर चित्र किंचित काळपट दिसतं आणि पुसट चौकोन पुन्हा उमटतो. तो अल्फाचा नव्हे, गॅमाचा, म्हणजे चित्राच्या उजळपणाच्या नोंदीचा प्रताप. पीएनजीत गॅमाची नोंद असली की आयई८ पर्यंतचे सगळे आयई चित्राचे रंग त्या नोंदीप्रमाणे हलवतात, सीएसएसचे रंग मात्र आहेत तिथेच राहतात. जिंपमध्ये निर्यात करताना ‘सेव्ह गॅमा’ची खूण काढून टाका. आधीच तयार झालेल्या फाइलमधून ती नोंद आणि रंग-प्रोफाइल पीएनजीक्रश हा प्रोग्रॅम काढून देतो.

त्याच निर्यातीच्या खिडकीत ‘सेव्ह बॅकग्राउंड कलर’ अशी आणखी एक खूण असते. तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तुमच्यासाठी खरी गंमत तिथेच आहे. पीएनजीत पार्श्वरंगाची नोंद ठेवायची एक जागा आहे. ती रिकामी असली की आयई६ स्वतःचा करडा रंग वापरतो, भरलेली असली की तो रंग वापरतो. म्हणजे जिंपमधला पार्श्वरंग हेडरच्या रंगाला लावून ठेवा, ती खूण करा आणि अल्फा शाबूत ठेवून निर्यात करा. आयई६ करड्याऐवजी हेडरच्या रंगाचा चौकोन भरेल आणि तो हेडरमध्ये मिसळून जाईल. बाकीचे ब्राउझर त्या नोंदीला भीक न घालता खरी पारदर्शकता दाखवतील. सगळ्या पानांना एकच फाइल चालते, दोन सांभाळाव्या लागत नाहीत. हेडर एकरंगी असलं तर तुमच्या जागी मी हेच करीन.

हेडरमध्ये छटा उतरत गेलेली असेल किंवा मागे फोटो असेल तर मात्र हे चालणार नाही. मग पीएनजी-८ कडे वळा. पॅलेटच्या पीएनजीतही प्रत्येक रंगाला स्वतःचा अल्फा देता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कारण फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या पीएनजी-८ मध्ये फक्त ‘आहे किंवा नाही’ एवढीच पारदर्शकता द्यायच्या, तर फायरवर्क्स हा दुसरा चित्र-संपादक पूर्ण अल्फा द्यायचा. आज ते काम पीएनजीक्वांट हा प्रोग्रॅम फुकटात करतो: ट्रू-कलरची फाइल द्यायची, तो २५६ रंगांत बसवून नावाला ‘एफएस८’ जोडलेली नवी फाइल बाहेर काढतो. अशी फाइल नवीन ब्राउझरांत सावलीसकट दिसते. आयई६ मात्र जे पिक्सेल पूर्ण भरीव नाहीत ते गाळून टाकतो. चौकोन नाही, सावलीही नाही, कडा थोड्या करवती, पण लोगो स्वच्छ. काट्यावर बसलेल्या माणसाला गाडीचा नंबर आणि वजन बघायचं असतं, लोगोची सावली तो कधी शोधणार नाही.

करवती कडा फारच खुपत असतील तर लोगोच्या सर्वांत बाहेरच्या कडेचे पिक्सेल, अंदाजे हेडरच्या सरासरी रंगात मिसळून, पूर्ण भरीव करून ठेवा. पीएनजीक्वांटच्या जुन्या आवृत्त्यांत तर ‘आयईबग’ नावाचा पर्यायच होता. जवळजवळ भरीव असलेले पिक्सेल तो पूर्ण भरीव करायचा, म्हणजे आयई६ त्यांना गाळत नसे.

तुमच्या स्क्रिप्टने बटणं का मारली

आता दुसरं दुखणं. त्या काळच्या बहुतेक तयार स्क्रिप्टांच्या पोटात एकच गोष्ट असते: मायक्रोसॉफ्टचा अल्फाइमेजलोडर हा फिल्टर. आयई ५.५ पासून तो आहे. चित्र दाखवण्याच्या नेहमीच्या यंत्रणेला वळसा घालून तो विंडोजच्या डायरेक्टएक्स या चित्रयंत्रणेकडून काम करून घेतो, आणि डायरेक्टएक्सला अल्फा येतो. कोडचे शब्द इथे देवनागरीत देतो, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा:

फिल्टर: प्रोगआयडी:डीएक्सइमेजट्रान्सफॉर्म.मायक्रोसॉफ्ट.अल्फाइमेजलोडर(एसआरसी='/इमेजेस/लोगो.पीएनजी', सायझिंगमेथड='क्रॉप');

एवढी ओळ टाकून भागत नाही. फिल्टर हे चित्र घटकाच्या मागे रंगवतो, पण तुमचा मूळ इमेज टॅग आपला करडा चौकोन घेऊन वर बसलेलाच असतो. म्हणून टॅगमधल्या चित्राच्या जागी एक बाय एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ ठेवायची आणि खरी पीएनजी फक्त फिल्टरला द्यायची. चित्र पार्श्वभूमीत असेल तर आयई६ पुरतं ‘बॅकग्राउंड-इमेज: नन’ करायचं. घटकाला रुंदी-उंची दिलेली हवी, निदान ‘झूम: १’ तरी. नाहीतर फिल्टर लागतच नाही, आणि का लागला नाही हे सांगणारा कोणी नसतो.

पाथच्या बाबतीत सगळेच फसतात. सीएसएसमध्ये पार्श्वचित्राचा पाथ स्टाइलशीटच्या फोल्डरपासून मोजला जातो. फिल्टरचा पाथ त्याच स्टाइलशीटमध्ये लिहिलेला असूनही एचटीएमएल पानापासून मोजला जातो. त्यामुळे मुख्य पानावर लोगो दिसतो आणि एक फोल्डर आत गेलेल्या नोंदीच्या पानावर गायब होतो. वर मी पाथ तिरक्या रेघेने, म्हणजे साइटच्या मुळापासून सुरू केलाय तो याच कारणाने. एचटीसी (आयईसाठीच्या जोड-स्क्रिप्टच्या) फाइलवर चालणारा तोडगा घेतला असेल तर त्या फाइलचा पाथही पानापासूनच मोजतात. शिवाय सर्व्हरने ती ‘टेक्स्ट/एक्स-कंपोनंट’ या प्रकाराने पाठवावी लागते, आणि एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ नंतर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘बायनरी अँड स्क्रिप्ट बिहेवियर्स’ चालू असावं लागतं. काट्याच्या मशीनवर ते कुणी कधीतरी बंद करून ठेवलेलं असू शकतं.

बटणांची भानगड अशी. फिल्टर लावलेल्या घटकाच्या आत लिंक, बटण किंवा टेक्स्टबॉक्स असतील आणि तो घटक रिलेटिव्ह किंवा अ‍ॅब्सोल्यूट पोझिशनचा असेल, तर माउसची टिचकी आतल्या गोष्टींपर्यंत पोचतच नाही. तुमच्या नोंदीच्या फॉर्मभोवती सावलीची पीएनजी पार्श्वभूमी म्हणून असणार. स्क्रिप्टने पान चाळताना तीही पकडली, फॉर्मच्या डब्यालाच फिल्टर लावला आणि बटणं त्याखाली गाडली गेली. पहिला इलाज: डब्याची पोझिशन काढून टाका आणि आतल्या बटणांना ‘पोझिशन: रिलेटिव्ह’ द्या. एवढ्याने बहुधा भागतं. डब्याला पोझिशन हवीच असेल तर फिल्टर डब्याला न लावता आत एक रिकामा डिव्ह करा, तो अ‍ॅब्सोल्यूट करून मागे पसरवा, फिल्टर त्याला लावा, आणि फॉर्म त्याचा भाऊ म्हणून शेजारी ठेवा, पोटात नको. ही मांडणी अवजड दिसते, पण ती कधी दगा देत नाही. फिल्टरच्या आत मजकूर राहिला नाही म्हणजे अक्षरं खरखरीत दिसण्याचा प्रश्नही आपोआप सुटतो.

पण खरं सांगायचं तर फॉर्मच्या सावलीसाठी एवढा खटाटोप कशाला? आयई६ साठी त्या डब्याला साधी एक पिक्सेलची करडी बॉर्डर द्या आणि पुढे चला.

पान अडकण्याचं कारणही त्याच फिल्टरमध्ये आहे. अल्फाइमेजलोडर चित्र उतरवून घेत असताना ब्राउझरचं बाकी सगळं काम थांबवून ठेवतो, आणि त्याला लागणारी मेमरी चित्रामागे नव्हे, घटकामागे खर्च होते. दिवसभराच्या खेपांच्या यादीत प्रत्येक ओळीला ‘छापा’ आणि ‘रद्द’ असे दोन पीएनजी आयकॉन असतील, तर चित्रं दोनच असली तरी फिल्टर ओळींच्या दुप्पट लागतात. संध्याकाळपर्यंत यादी वाढत जाते आणि मशीन घामाघूम होतं. याहूने आपल्या वेग-मार्गदर्शनात याच कारणासाठी हा फिल्टर पूर्ण टाळायला आणि पीएनजी-८ वापरायला सांगितलं होतं. तुमच्या आयकॉनना अल्फाची गरज नाही, ते पीएनजी-८ करून टाका. फिल्टर ठेवायचाच असेल तर एका लोगोपुरता ठेवा, अख्खं पान चाळणारी स्क्रिप्ट मात्र काढाच.

फिल्टरला पार्श्वचित्राची पुनरावृत्ती करता येत नाही आणि पोझिशनही देता येत नाही. ‘स्केल’ पद्धतीने ताणता तेवढं येतं. एकाच पट्टीत सगळे आयकॉन ठेवून हवा तो भाग दाखवायची पद्धत त्यामुळे इथे कोसळते. त्यासाठी नंतर व्हीएमएल ही आयईची रेखाचित्रांची भाषा वापरणारे तोडगे आले. त्यातला डीडी_बिलेटेडपीएनजी सर्वांत गाजला, कारण तो पुनरावृत्ती आणि पोझिशन दोन्ही सांभाळायचा. तुमच्याकडे ती गरज दिसत नाही, पण वापरलाच तर स्क्रिप्टची फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. बाहेरच्या सीडीएनवरून (फाइली वाटणाऱ्या सर्व्हरवरून) ती आयई६ ला मिळणारच नाही: सुरक्षित जोडणीचं टीएलएस १.० त्यात मुळातच बंद ठेवलेलं असतं, पुढच्या आवृत्त्या नाहीतच, आणि एकाच आयपीवर अनेक सुरक्षित साइट चालवायला लागणारं एसएनआय एक्सपीवरच्या कुठल्याच आयईला येत नाही. काटा इंटरनेटपासून तुटलेला असेल तर हा प्रश्नच उरत नाही म्हणा.

हे सगळं आयई६ पुरतंच कोंडून ठेवायला कंडिशनल कमेंट (आयईच वाचतो अशी टिप्पणी) वापरा, ‘एलटी आयई ७’ म्हणजे ‘आयई७ च्या आधीचे’ या अटीची, आणि तिच्यात वेगळी छोटी स्टाइलशीट जोडा. नावाआधी अधोरेखा देऊन गुण लिहायची क्लृप्तीही चालते, फक्त आयई६ आणि त्याआधीचे तो गुण वाचतात. पण सहा महिन्यांनी दुसरा कुणी ती फाइल उघडेल तेव्हा त्याला वेगळी स्टाइलशीट पटकन कळेल.

आयई८ मधली काळी किनार

हिशेब विभागातलं दुखणं निराळं आहे, आणि तिथे आयई६ चा कोणताही तोडगा डोळे झाकून चिकटवू नका. आयई७ आणि आयई८ ला पीएनजीचा अल्फा येतो. सीएसएसची ओपॅसिटी (अख्खा घटक पुसट करायचा गुण) मात्र आयई९ मध्ये आली. त्यामुळे जेक्वेरी ही स्क्रिप्टची लायब्ररी जेव्हा ‘फेडइन’ करते, म्हणजे हळूहळू उमटवते, तेव्हा आयई८ मध्ये ती जुना अल्फा फिल्टर लावते. चित्राचा स्वतःचा अल्फा आणि हा वरचा फिल्टर एकत्र आले की आयई८ ला हिशेब जमत नाही आणि अर्धपारदर्शक पिक्सेल काळ्यावर बसवले जातात. तुमच्या पट्टीच्या गोल कोपऱ्यांवर दिसतं ते हेच.

सर्वांत सोपं म्हणजे तिथे उमटणं सोडून द्या. जेक्वेरीच्या १.क्ष आवृत्त्यांत ‘सपोर्ट.ओपॅसिटी’ तपासता येतं. उत्तर नकारार्थी आलं तर ‘फेडइन’ऐवजी सरळ ‘शो’ करा. संदेश अर्ध्या सेकंदात हळूवार आला काय आणि झटकन आला काय, बिल तेवढंच येणार आहे. व्यवस्थापकांना तो परिणाम हवाच असेल तर चित्राभोवती भरीव रंगाचा डबा घाला आणि चित्राऐवजी त्या डब्याला फेड करा. मागे भरीव रंग असला की काळं होत नाही. फेड संपल्यावर त्या घटकाच्या स्टाइलमधून फिल्टर काढून टाकायला विसरू नका, नाहीतर आतली अक्षरं क्लिअरटाइप (विंडोजचा अक्षरं गुळगुळीत करायचा गुण) हरवून तुटक दिसत राहतात.

कुणी सुचवेल की काट्यावरही आयई८ टाका, एक्सपीवर तो चालतो आणि करडा चौकोन मुळातून जातो. खरं आहे, पण तुमचा अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल त्यात चालेल याची खात्री कुणी देणार नाही. हंगामात तो प्रयोग नको. ज्या एक्सपी मशीनांवर कंट्रोलची गरजच नाही, नुसत्या याद्या बघायच्या असतात, तिथे फायरफॉक्स ५२ ईएसआर टाका. एक्सपीवर चालणारी ती फायरफॉक्सची शेवटची आवृत्ती. पीएनजीच काय, एसव्हीजीही ती नीट दाखवते.

पावतीचं एक राहिलं. काट्याची पावती याच पानावरून छापत असाल तर छपाईची स्टाइलशीट वेगळी ठेवा आणि तिच्यात फक्त काळ्या-पांढऱ्या दोन रंगांचा, अजिबात पारदर्शक नसलेला लोगो द्या, तोही इमेज टॅगमध्ये. आयईत पार्श्वरंग आणि पार्श्वचित्रं छापण्याची खूण मुळात काढलेलीच असते, त्यामुळे पार्श्वभूमीतला लोगो पडद्यावर दिसतो आणि कागदावर येत नाही. डॉट मॅट्रिक्सवर सावली तशीही नुसते ठिपके होऊन येते.

तपासणी खऱ्या मशीनवरच करा. नव्या विंडोजवर एजच्या आयई मोडमध्ये जुना डॉक्युमेंट मोड लावून बघितलंत तर मांडणी जुन्यासारखी मोडेल, पण करडा चौकोन दिसणार नाही. तो मोड पान मांडण्याचे नियम बदलतो, पीएनजी उलगडणारं यंत्र आतून नवंच असतं. त्यामुळे तुमच्या टेबलावर सगळं ठीक आणि केबिनमध्ये चौकोन तसाच, असा घोळ होतो. मायक्रोसॉफ्ट मागे आयई६ ची तयार आभासी मशीनं तपासणीसाठी द्यायचं. त्यातलं एखादं कुणी जपून ठेवलं असेल तर उत्तम, नसेल तर ट्रॅक्टरांची गर्दी नसताना केबिनमध्ये जाऊन बसा.

तुमच्याच प्रश्नाच्या शेवटी ऊसउत्पादकांच्या पानावर डिझायनरला वेबपी हवं आहे असा उल्लेख आहे. जरूर वापरा, पारदर्शकता आणि कमी आकार दोन्ही मिळतात. मात्र सफारीला वेबपी आवृत्ती १४ पासून, म्हणजे २०२० मध्ये येऊ लागलं. आयओएस १२ वर अडकलेल्या आयपॅडवर चित्राच्या जागी रिकामी जागा दिसेल. पिक्चर टॅगमध्ये वेबपीचा सोर्स आणि आत इमेज टॅगला पीएनजी, एवढं केलं की प्रत्येक ब्राउझर आपल्याला झेपेल ते उचलतो. आणि पर्याय म्हणून जेपीईजी देऊ नका. त्यात अल्फाच नाही, रूपांतर करताना पारदर्शक भाग बहुतेक वेळा काळा होतो आणि काळ्या चौकोनाची तक्रार नव्याने सुरू होते.

तर तुमच्यासाठी क्रम असा: ती स्क्रिप्ट काढा, आयकॉन पीएनजी-८ करा, फॉर्मच्या डब्याला आयई६ पुरती बॉर्डर द्या आणि लोगोची पीएनजी गॅमाशिवाय, हेडरचा पार्श्वरंग नोंदवून पुन्हा निर्यात करा. नवी फाइल जुन्याच नावाने चढवू नका. आयई६ आपल्या टेंपररी इंटरनेट फाइल्समधली जुनी प्रतच दाखवत राहील आणि तुम्हाला वाटेल उपाय लागू पडला नाही. नाव बदला, एचटीएमएलमध्ये तेच नवं नाव घाला, आणि केबिनमधल्या मशीनवर एकदा कंट्रोल आणि एफ५ दाबून पान ताजं करून घ्या.